शेजारी, छप्पर आणि सीगल : भांडणातून संशोधनप्रश्न कसा काढायचा

पेट निघाली, गाईड मिळाले, आता आरआरसीपुढे सिनॉप्सिस ठेवायचा आहे. या टप्प्यावरचे विद्यार्थी मला मेसेज करतात तेव्हा त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं : "विषय ठरलाय, मानव-वन्यजीव संघर्ष." विषय ठरला हे चांगलंच. पण विषय म्हणजे प्रश्न नव्हे. "संघर्ष" या शब्दावर तुम्ही तीन वर्षं काम करू शकत नाही, कारण तो मोजता येत नाही. मोजता येईल असं काहीतरी त्यातून बाहेर काढावं लागतं, आणि ते काढण्यातच खरी मेहनत आहे.

म्हणून आज एक उदाहरण सविस्तर घेऊ. बिबट्या नाही, हत्ती नाही. ब्रिटनमधल्या किनाऱ्यावरच्या गावांत सीगलवरून होणारी शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं. आपल्या पक्षीपुस्तकांत या पक्ष्याला कुरव म्हणतात. विषय वरवर हलका वाटतो, पण त्यावर गेल्या काही वर्षांत झालेलं काम इतकं नेटकं आहे की रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये ते शिकवायला हवं.

आधी भांडण समजून घ्या. कॉर्नवॉल, डेव्हन, ब्रायटन, ॲबर्डीन अशा ठिकाणी हेरिंग गल आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गल या दोन जाती घरांच्या छपरांवर घरटी करतात. पहाटे चार वाजल्यापासून आरडाओरडा. गाडीवर विष्ठा. कचऱ्याच्या पिशव्या फाडून रस्ताभर पसारा. जून-जुलैमध्ये पिल्लू छपरावरून खाली पडलं की आई-बाप खालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर झेप घेतात. आणि किनाऱ्यावर चिप्स खात बसलेल्या माणसाच्या हातातला पुडा पळवणं तर प्रसिद्धच आहे. आता त्याच गल्लीत एक घर असं असतं जिथून रोज ब्रेड टाकला जातो. टाकणाऱ्याला तो पक्षी ओळखतो, ठरल्या वेळी खिडकीशी येतो. बाजूच्या घराला वाटतं, सगळं दुखणं या ब्रेडमुळे आहे. तक्रार कौन्सिलकडे जाते.

कौन्सिलचे हात मात्र कायद्यानं बांधलेले. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली जंगली पक्षी, त्यांची वापरातली घरटी आणि अंडी यांना संरक्षण आहे. हेरिंग गल २००९ पासून ब्रिटनच्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. म्हणजे लोकांच्या नजरेत जो पक्षी "फार झालाय", तोच संवर्धनवाल्यांच्या नजरेत झपाट्यानं कमी होतोय. इंग्लंडमध्ये २०२० पासून या दोन जातींचं घरटं हलवायचं किंवा अंडी काढायची तर सरसकट परवान्यावर भागत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. मग कौन्सिलं माणसांकडे वळली. २०१४ च्या असामाजिक वर्तनविरोधी कायद्यानं त्यांना ठरावीक सार्वजनिक जागेत ठरावीक कृतीवर बंदी घालण्याचा अधिकार मिळाला होता. तो वापरून ईस्ट डेव्हनसारख्या काही कौन्सिलांनी किनाऱ्यावर सीगलला खाऊ घालणं दंडनीय केलं. २०१५ च्या उन्हाळ्यात तर कॉर्नवॉलमध्ये सीगलनी पाळीव प्राणी मारल्याच्या बातम्या आल्यावर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनासुद्धा यावर बोलावं लागलं.

आता थांबा आणि स्वतःला विचारा : इथे संशोधनाचा प्रश्न कोणता?

बहुतेक जण पहिल्या झटक्यात म्हणतील, "शहरात सीगलची संख्या का वाढली?" चांगला प्रश्न आहे, पण त्यात एक गोष्ट आधीच खरी मानली आहे. संख्या वाढली हे तुम्हाला कुणी सांगितलं? शेजाऱ्यांनी. आणि शेजारी मोजत नाहीत, त्यांना त्रास होतो एवढंच ते सांगतात.

मोजणी वाटते तितकी सोपी नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सगळ्या समुद्रपक्ष्यांची मोठी गणना काही दशकांनी एकदा होते. १९६९-७० मध्ये झाली, पुढे आणखी दोन झाल्या, आणि अलीकडची २०१५ ते २०२१ या काळात. या शेवटच्या गणनेत कडेकपारी, बेटं अशा नैसर्गिक जागी घरटी करणाऱ्या हेरिंग गलमध्ये आधीच्या गणनेच्या तुलनेत ४४ टक्के घट दिसली. मग गावातले वाढले का? तर तिथे सरळ तुलना करताच येत नाही. कारण छपरावरचं घरटं रस्त्यावरून दिसत नाही. सपाट गच्ची, धुराड्यांच्या मधली खाच, गोदामाचा पत्रा, हे सगळं खाली उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या नजरेआड राहतं. आधीच्या गणनांत ही घरटी किती सुटली याचा पत्ता नाही. पुढच्या वेळी पद्धत सुधारली की आकडा वाढतो. पण तो पक्षी वाढल्यामुळे की आपली नजर सुधारल्यामुळे?

सिनॉप्सिसमध्ये "मागील दहा वर्षांत संख्येत लक्षणीय वाढ" असं वाक्य लिहिण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचाराच. व्हायवात बाहेरचे परीक्षक नेमकं यावर बोट ठेवतात.

वाढीचं एक कारण नेहमी सांगितलं जातं ते १९५६ च्या क्लीन एअर ॲक्टचं. त्याआधी कचरा डेपोवर जाळायचे. धूर कमी करायचा म्हणून जाळणं थांबलं, कचरा उघड्यावर साठू लागला, सीगलना वर्षभर आयतं अन्न मिळालं आणि त्यांची संख्या फुगली. गोष्ट पटण्यासारखी आहे, आणि कदाचित बरीचशी खरीही असेल. पण लक्षात घ्या, तो एकच देश, एकदाच घडलेला बदल, आणि त्याच काळात मासेमारी, अंडी गोळा करण्यावरचे निर्बंध, शहरांची वाढ हेही बदलत होतं. एका घटनेवरून कार्यकारणभाव सांगताना जीभ जरा आवरावी लागते. हे सांगतोय कारण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये अशी गोष्ट एका पेपरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते आणि शेवटी तिला कुणी पुरावाच विचारत नाही.

बरं, संख्येचा प्रश्न बाजूला ठेवू. "उपद्रव" घेऊ. हा शब्द फोडून बघा. पहाटेचा आवाज हा प्रजननकाळातला, जोडी आणि जागा राखण्याचा. डोक्यावर झेप ही पिल्लाच्या रक्षणासाठी. पिशवी फाडणं आणि चिप्स पळवणं हे अन्नासाठी. म्हणजे तक्रारअर्जात एका ओळीत येणाऱ्या चार गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. ब्रेड टाकणं बंद केलं तर पिल्लाच्या रक्षणासाठी घेतलेली झेप कशी थांबेल? आणि घरट्यांवर जाळी टाकली तर किनाऱ्यावरची चोरी कशी थांबेल, जर चोरी करणारे पक्षी दुसऱ्याच वस्तीतले असतील? गल्लीतलं भांडण सुटत नाही यामागे हे एक मोठं कारण आहे : दोन शेजारी "त्रास" हाच शब्द वापरतात, पण एक आवाजाबद्दल बोलत असतो आणि दुसरा कचऱ्याबद्दल.

तक्रारींचा आकडा हा उपद्रवाचा आकडा म्हणून वापरायचा मोह आवरा. तो आयता मिळतो, माहितीच्या अधिकारातही मिळतो, म्हणून विद्यार्थ्यांना फार आवडतो. पण तक्रारी कशानं वाढतात? पक्षी वाढल्यानं, किंवा तक्रार करायला ॲप आल्यानं, किंवा वर्तमानपत्रात बातमी आल्यानं, किंवा गल्लीत एखादा चिकाटीचा माणूस राहायला आल्यानं.

आता चांगलं काम कसं असतं ते बघू. एक्सेटर विद्यापीठातल्या मॅडलिन गुमास आणि सहकाऱ्यांनी "सीगल चोर का?" असा भला मोठा प्रश्न घेतला नाही. त्यांनी विचारलं : माणूस आपल्याकडे बघतोय की नाही याचा सीगलला फरक पडतो का? बस, एवढंच. कॉर्नवॉलमधल्या गावांत प्रयोगकर्ती जमिनीवर चिप्सची पिशवी ठेवून बसायची. एका वेळी सीगलकडे थेट बघायचं, दुसऱ्या वेळी नजर दुसरीकडे. पक्षी पिशवीला चोच मारेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. तोच पक्षी दोन्ही स्थितींत तपासायचा, म्हणजे पक्ष्यापक्ष्यांमधल्या स्वभावाचा फरक आड येत नाही. २०१९ मध्ये बायॉलॉजी लेटर्समध्ये हा पेपर आला. नजर रोखलेली असताना सीगलना सरासरी २१ सेकंद जास्त लागले.

जगभर मथळे छापून आले : सीगलला डोळे दाखवा, चिप्स वाचवा. पण मला त्या पेपरमधला दुसरा आकडा जास्त आवडतो. त्यांनी ७४ सीगलवर प्रयत्न केला, त्यातले फक्त २७ पिशवीजवळ आले. दोन्ही चाचण्या पूर्ण केल्या त्या १९ पक्ष्यांनी. बाकीचे बहुसंख्य आलेच नाहीत. म्हणजे "सीगल चोरटे असतात" हे विधान मोजलेल्या पक्ष्यांपैकी थोड्यांनाच लागू होतं. शिवाय २१ सेकंदांचा निष्कर्ष हा त्या धीट पक्ष्यांबद्दलचा आहे, सगळ्या जातीबद्दलचा नाही. लेखकांनी हे लपवलं नाही, ठळकपणे सांगितलं. तुमच्याही प्रयोगात जे आले नाहीत, ज्यांनी फॉर्म भरला नाही, ज्यांनी दार उघडलं नाही, त्यांची संख्या लिहा. कधीकधी तोच सगळ्यात महत्त्वाचा निकाल असतो.

पुढच्या वर्षी याच गटानं खाऊ घालण्याच्या वादाला थेट भिडणारा प्रयोग केला. दोन सारख्याच, वेष्टनातल्या खाण्याच्या वस्तू. प्रयोगकर्ती त्यातली एक हातात घेऊन खाल्ल्यासारखं करते, परत ठेवते, आणि बाजूला होते. ३८ पैकी २४ सीगलनी चोच मारली, आणि त्यातल्या १९ जणांनी माणसानं हाताळलेली वस्तू निवडली. मग त्यांनी अन्नाच्या जागी स्पंज ठेवले. तेव्हा हाताळलेल्या वस्तूकडचा कल तसा स्पष्ट राहिला नाही. हा स्पंजचा भाग नीट बघा. तो नसता तर कुणीही म्हटलं असतं, पक्षी हललेल्या कुठल्याही वस्तूकडे जातो. नियंत्रण प्रयोग म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा इथे लवकर कळतं.

२०२५ मधला एक प्रयोगही बघा. चिप्स ठेवलेल्या बंद डब्याजवळ सीगल आला की स्पीकरवरून आवाज लावायचा : ओरडून हाकलणारा पुरुषाचा आवाज, तेच शब्द साध्या बोलण्याच्या स्वरात, किंवा रॉबिन पक्ष्याचं गाणं. कॉर्नवॉलच्या ९ गावांत ६१ पक्षी. खुबी अशी की ओरडणं आणि बोलणं या दोन्ही रेकॉर्डिंगचा आवाज सारख्याच पातळीवर आणला होता. नाहीतर पक्षी मोठ्या आवाजाला घाबरला की ओरडण्याच्या ढंगाला, हे कळलंच नसतं. ओरडल्यावर जवळपास निम्मे उडून गेले, साध्या बोलण्यावर बरेचसे चालत दूर झाले, आणि गाण्यावर बहुतेक तिथेच राहिले.

सगळे प्रयोग असे जमिनीवर चिप्स ठेवूनच होतात असं नाही. ब्रिस्टलमध्ये अनुक स्पेल्ट यांच्या गटानं १२ लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या पाठीवर छोटे जीपीएस बसवले. मग एक शाळा, एक बाग आणि एक कचरा हस्तांतरण केंद्र या तीन जागी पक्षी कधी येतात ते पाहिलं. शाळेत मधल्या सुट्टीच्या वेळेशी, आणि केंद्रात ते उघडं असण्याच्या वेळेशी पक्ष्यांचं येणं जुळलं. बागेत मात्र गर्दी पहाटे, माणसं नसताना. तिथे ते बहुधा मातीतले किडे-गांडुळं खायला येत होते. म्हणजे एकाच शहरातला, एकाच जातीचा पक्षी एका जागी माणसाच्या वेळापत्रकावर चालतो आणि दुसऱ्या जागी गांडुळाच्या. गल्लीत ब्रेड टाकणाऱ्या घराचा दोष किती, हे ठरवायचं तर तुम्हाला अशा मोजणीची गरज आहे. तो पक्षी दिवसभरात आणखी कुठे जेवतो हे माहीत नसेल तर ब्रेडचा वाटा सांगता येणार नाही.

आता उपायांकडे. अंड्यांना तेल लावतात म्हणजे ती उबत नाहीत, किंवा त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवतात. छपरांवर जाळ्या, काटे लावतात. शिकारी पक्षी घेऊन माणूस फिरतो. बाथसारख्या गावात चोचीनं फाटणार नाहीत अशा जाड पिशव्या कचऱ्यासाठी दिल्या. यातलं काय चालतं? हा प्रश्न पीएचडीसाठी सगळ्यात आकर्षक, आणि सगळ्यात फसवा.

पहिली अडचण काळाची. हेरिंग गल साधारण चौथ्या वर्षी अंडी घालू लागतो आणि पुढे बरीच वर्षं जगतो. आज तुम्ही गावातली सगळी अंडी निकामी केलीत तरी पुढची काही वर्षं छपरावर तेच प्रौढ पक्षी दिसणार. तुमची फेलोशिप मात्र त्याआधी संपलेली असेल. "उपाय निष्फळ" असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असू शकेल. कुठल्याही जीवावर काम करत असाल तर आधी त्याच्या एका पिढीचा काळ काढा आणि तो तुमच्या नोंदणीच्या मुदतीशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर प्रश्न बदला, मुदत बदलत नाही.

दुसरी अडचण शेजारच्या छपराची. तुमच्या इमारतीवर जाळी बसली की जोडपं निघून जातं. कुठे? बरेचदा पुढच्या गल्लीत. आता तुम्ही जाळीवाली गल्ली आणि बिनजाळीची शेजारची गल्ली यांची तुलना केलीत तर जाळीचा परिणाम दुप्पट दिसेल, कारण इकडचे पक्षी तिकडे मोजले गेले. तुमचा कंट्रोल गट तुमच्याच उपायानं बिघडवला. शेतीच्या प्रयोगात एका वाफ्यातलं खत पाण्याबरोबर दुसऱ्यात जातं, तसंच हे. म्हणून तुलनेची जागा पुरेशी लांब हवी, किंवा मोजमापाचं एकक गल्ली नसून अख्खं गाव हवं. आणि अख्खी गावं घ्यायची म्हटलं की सॅम्पल साइज कोसळतो. यावर जादूचा तोडगा नाही. सिनॉप्सिसमध्ये ही मर्यादा स्वतःहून लिहिलेली बरी.

उपायांच्या बाबतीत कबुतरांवरचं एक जुनं काम मात्र वाचाच. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख कबुतरं मारली गेली, आणि संख्या जैसे थे. मग १९८८ पासून डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकारानं वेगळी मोहीम झाली. खाऊ घातल्यामुळे दाटी होते, त्यातून कबुतरांचेच हाल होतात, हे पत्रकं-पोस्टरांतून सांगितलं, आणि देखरेखीखालच्या खुराड्यांतून अंडी काढली. ५० महिन्यांत संख्या साधारण २० हजारांवरून निम्म्यावर आली. खाऊ घालणाऱ्यांना खलनायक न ठरवता, त्यांच्या भूतदयेलाच हात घालून केलेली ही गोष्ट आहे. अर्थात इथेही तुलनेला दुसरं शहर नव्हतं, हे विसरू नका.

कबुतर म्हटलं की तुमच्या मनात दादर आलंच असेल. २०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, आंदोलकांनी ती फाडून काढली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला फुप्फुसाच्या आजाराची भीती. ब्रिटनच्या भांडणाशी साम्य उघड आहे, पण फरकही आहे : तिथे वाद आवाज-कचऱ्याचा, इथे श्वासाचा आणि श्रद्धेचा. कबुतरांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं श्वासातून जाऊन काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, हे वैद्यकात प्रस्थापित आहे. पण कबुतरखान्याजवळ राहणाऱ्याला धोका किती पटीनं जास्त, हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो रुग्णालयातल्या रुग्णांची यादी बघून सुटत नाही. यादीतला माणूस कबुतरखान्याजवळ राहतो, की त्याच्या स्वतःच्या बाल्कनीत, एसीच्या मागे घरटं आहे, हे वेगळं करावं लागेल. आणि आजारी नसलेल्यांच्या घरांतही तेच विचारावं लागेल. दोन्ही बाजू हिरिरीनं बोलतात तेव्हा असा साधा तुलना-गट नेमका कुणालाच आठवत नाही.

माणसांकडून सुरुवात करायची असेल तर तोही रस्ता आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कॉलिन जेरोलमॅक यांनी न्यूयॉर्क टाइम्सचे दीडशे वर्षांतले लेख तपासून कबुतर हे निरुपद्रवी पाखरापासून "पंखवाला उंदीर" कसं बनलं ते दाखवलं. तिथे पक्षी तोच राहिला, शहरातल्या जागेबद्दलच्या कल्पना बदलल्या. आपल्याकडची जुनी मराठी वर्तमानपत्रं घेऊन असं काम सहज करता येईल. फील्डवर्कचा खर्चही कमी. मुलाखती घेणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मुलाखत नंतर.

आणि ज्यांना कुरवच हवे आहेत त्यांच्यासाठी : आपल्याकडे ते हिवाळी पाहुणे. इथे घरटी करत नाहीत, त्यामुळे छपराचं भांडण नाही. पण गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून लोक त्यांना गाठ्या-वेफर्स टाकतात आणि थवाच्या थवा बोटीमागे येतो. किती लोक टाकतात, टाकल्यापासून किती सेकंदांत पहिला पक्षी येतो, कुणीच काही टाकलं नाही अशा फेरीतही पक्षी मागे येतात का, हे सगळं वही आणि स्टॉपवॉचवर मोजता येतं. पक्षी पकडायचा नसल्यानं वनखात्याच्या परवानगीचा खेळ नाही. स्वतः मात्र काही टाकू नका, नाहीतर तुम्हीच डेटाचा भाग व्हाल. शेवटच्या प्रश्नासाठी कुणीच काही टाकत नाही अशी फेरी मिळवणं सगळ्यात अवघड जाईल. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची पहिली लाँच धरून बघा.